न जाळलेली कात

मराठीत ज्या साहित्यप्रकाराला 'कादंबरी' म्हणतात त्याला हे नाव ज्या संस्कृत गद्यकथेवरून मिळाले, ती सातव्या शतकातली बाणभट्टाची कथा रूप पालटलेल्या जिवांनी भरलेली आहे, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तिच्यातला बोलका पोपट हा शापाने पक्षी झालेला पूर्वजन्मीचा प्रियकर आहे, आणि नायक चंद्रापीडाचा इंद्रायुध नावाचा घोडा म्हणजे शाप भोगणारा कपिंजल हा ऋषिकुमार असून अच्छोद सरोवरात बुडी मारताच तो मूळ रूपात वर येतो. एकोणिसाव्या शतकात नव्या गद्यकथेसाठी हेच नाव मराठीत रूढ झाले, आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (1861) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (1868) या आरंभीच्या कृतीही अद्भुतरम्यच होत्या. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून वास्तवाला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्यामुळे अद्भुत प्रेमकथा प्रौढांच्या कपाटातून हळूहळू बाहेर गेली. उत्तर अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस नेमके उलटे घडले, आणि संसार, नोकरी, कर्जाचे हप्ते सांभाळणाऱ्या प्रौढ स्त्रिया लांडगा, बिबट्या किंवा अस्वल होऊ शकणाऱ्या नायकांच्या प्रेमकथा आवडीने वाचू लागल्या. या वाचनाला अवघ्या तीन-साडेतीन दशकांचा इतिहास असला, तरी त्याची मुळे फार जुनी आहेत.

या कादंबऱ्यांना इंग्रजी प्रकाशनव्यवहारात 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणतात. तिथे 'रोमान्स' हा शब्द सैल अर्थाने वापरला जात नाही: प्रेमकथा हाच कथानकाचा कणा असला पाहिजे आणि शेवट समाधान देणारा, आशादायक असला पाहिजे, अशा दोन अटी लेखक, प्रकाशक आणि वाचक असे तिघेही गृहीत धरतात, आणि दुसरी अट मोडणारे पुस्तक कितीही चांगले असले तरी या प्रकारात जमा होत नाही. 'पॅरानॉर्मल' म्हणजे निसर्गनियमांपलीकडचे, आणि त्यातला रूप पालटणारा तो 'शेपशिफ्टर', वाचकांच्या बोलण्यात नुसता 'शिफ्टर'. रामायणात राक्षसांना आणि वानरांना लावलेले 'कामरूपी', म्हणजे इच्छेला येईल ते रूप घेणारा, हे विशेषण त्याला चपखल बसते. हिंदी चित्रपटांनी घरोघरी पोहोचवलेला 'इच्छाधारी' हा शब्द त्याच अर्थाचा.

या प्रकाराकडे पाहण्याची सर्वांत उपयोगी वाट एका वस्तूवरून जाते, आणि ती वस्तू म्हणजे कात. 1199 साली पूर्णभद्र या जैन मुनीने सिद्ध केलेल्या पंचतंत्राच्या पाठात राजगृहातल्या एका ब्राह्मणाच्या बायकोला सापाचे पिल्लू होते, ती त्याला मायेने वाढवते आणि एवढेच नव्हे तर नवऱ्यामागे लागून त्याचे लग्नही करवते. परगावाहून आणलेली नवरी नातलगांचे ऐकत नाही, बापाने शब्द दिला तो दिला म्हणून सापाची सेवा करू लागते, आणि एका रात्री तिच्या खोलीत एक तरुण येतो. परका पुरुष समजून ती घाबरून दाराकडे धावते, तेव्हा तो पुन्हा सापाच्या देहात शिरतो, पुन्हा बाहेर येतो आणि आपणच तिचा नवरा असल्याची खात्री पटवतो. पहाटे सासरा टाकलेली कात उचलून विस्तवात घालतो, मुलगा कायमचा माणूस होतो आणि कुटुंब सुखी होते. लोककथांच्या अभ्यासकांनी जगभरातल्या अशा कथांचे जे वर्गीकरण केले, त्यात 'प्राणिवर' हा एक मोठा कुटुंबकबिलाच आहे, आणि त्यातल्या कित्येक कथांत कातडे जाळणे हा निर्णायक प्रसंग असतो. कुठे जाळल्यामुळे शाप सुटतो, तर कुठे घाईने जाळल्यामुळे नवरा दुरावतो आणि बायकोला त्याच्या शोधात रानोमाळ हिंडावे लागते; पण प्राणी आणि संसार एकत्र नांदू शकत नाहीत, हे दोन्हीकडे गृहीतच आहे.

युरोपात या गृहीताला छेद देणारी एक कथा बाराव्या शतकातच लिहिली गेली होती. मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या 'बिस्क्लाव्हरे' या कथाकाव्यातला सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होतो, आणि माणसात परतण्यासाठी त्याला रानात लपवून ठेवलेले आपले कपडे पुन्हा अंगावर चढवावे लागतात. बायको हे गुपित गोडीगुलाबीने काढून घेते आणि आपल्यावर भाळलेल्या दुसऱ्या एका सरदाराकरवी कपडे पळवते, म्हणजे इथे जाळायच्या कातीऐवजी चोरायचे कपडे आहेत आणि माणूसपणच पांघरलेले आहे. लांडगा म्हणून अडकलेला सरदार राजाच्या पायाशी लोळण घेतो, दरबारात कुत्र्यासारखा इमानाने राहतो, आणि बायको समोर येताच तिचे नाक तोडतो. शेवटी कपडे परत मिळतात तेव्हा तो चारचौघांत त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला लाज वाटत असेल असे एका जाणत्याच्या ध्यानात येते, त्याला खोलीत एकट्याला सोडले जाते, आणि थोड्या वेळाने राजा दार उघडतो तेव्हा सरदार राजाच्याच पलंगावर झोपलेला असतो. रूप पालटताना कपड्यांचे काय होते, हा आठशे वर्षांपूर्वी इतक्या नाजूकपणे हाताळलेला प्रश्न आजच्या शिफ्टर कादंबरीनेही सोडलेला नाही. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या 'मून कॉल्ड' (2006) या कादंबरीची नायिका मर्सी थॉम्पसन वॉशिंग्टन राज्यात मोटारी दुरुस्त करते आणि कोयोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला एक रानकुत्रा, होते. पण त्याआधी तिला अंगावरचे कपडे उतरवावे लागतात, आणि माणसात आल्यावर ते कुठे सापडतील याची व्यावहारिक काळजी तिच्या साहसांत कायम डोकावते.

मारीचा लांडगा मात्र अपवाद ठरला. 1589 साली कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावात पीटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला, तो सैतानाच्या मदतीने लांडगा होऊन माणसे खातो असा आरोप ठेवून, हाल हाल करून मारण्यात आले, आणि असे खटले युरोपात इतरत्रही चालले. प्रेमकथेच्या बाजूला गाब्रिएल-सुझान द व्हिल्नव यांची 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही दीर्घ कथा 1740 मध्ये आली आणि 1756 मध्ये लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम लप्रँस द बोमों यांनी तिचे केलेले आटोपशीर रूप जगभर गेले. अनोळखी, वयाने मोठ्या नवऱ्याच्या घरी जायची वेळ येणाऱ्या मुलींना धीर देणे हा त्या कथेचा एक उघड हेतू होता, आणि म्हणून तिच्या शेवटी पशू नाहीसा होऊन देखणा राजपुत्र उभा राहणे भागच होते. सासऱ्याचा विस्तव इथे मुलीच्या होकारात विरघळला, एवढाच काय तो फरक.

विसाव्या शतकात चित्रपटाने वृकमानवाला, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाला, शोकांत नायक बनवले. 1941 चा 'द वुल्फ मॅन' हा चित्रपट लिहिणारे कर्ट सिओडमॅक नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू लेखक होते, आणि वृकमानवाविषयीच्या ज्या समजुती आज अनादी काळापासूनच्या वाटतात, त्यांतल्या बऱ्याच त्या चित्रपटाने आणि त्याच्या पुढच्या भागांनी पक्क्या केल्या. पण त्यातला लांडगा झालेला माणूस प्रेयसीच्या काय, स्वतःच्याही उपयोगाचा राहत नाही. चांदीच्या मुठीच्या काठीने त्याचा सख्खा बाप त्याला मारतो. त्याचा प्रेमकथेतला नायक व्हायला आणखी अर्धशतक जावे लागले, आणि त्यासाठी लागणारी जमीन अद्भुतकथेने तयार केली नव्हती, तर लेखकांपेक्षा छापाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्रेमकादंबऱ्यांच्या धंद्याने केली होती.

लंडनची मिल्स अँड बून ही संस्था 1908 ची, कॅनडातल्या विनिपेगची हार्लेक्विन 1949 ची. हार्लेक्विनने 1957 पासून मिल्स अँड बूनची पुस्तके छापायला घेतली आणि 1971 मध्ये ती संस्थाच विकत घेतली. वाण्याच्या दुकानापासून बसस्थानकापर्यंत मिळणारी, महिन्याकाठी ठरावीक संख्येने निघणारी ही पुस्तके वाचणाऱ्या बायकांची टिंगल खूप झाली, पण त्यांना नीट विचारून पाहणारे पहिले महत्त्वाचे पुस्तक 1984 मध्ये आले. जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' या अभ्यासात 'स्मिथटन' हे टोपणनाव दिलेल्या अमेरिकी गावातल्या एका पुस्तकविक्रेतीच्या 42 गिऱ्हाइकांनी प्रश्नावली भरून दिली होती. दिवसभर दुसऱ्यांचे करणाऱ्या या स्त्रियांच्या दृष्टीने पुस्तक उघडून बसणे हेच मुळात स्वतःसाठी राखून ठेवलेल्या वेळाचे निशाण होते. रॅडवे यांचे दुसरे निरीक्षण शिफ्टर कादंबरीच्या जन्माच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे: नायक आरंभी तुसडा, कधी क्रूरही असतो, आणि वाचक त्या वागण्याचा अर्थ मागाहून लावतात, की तो वरवरचा कठोरपणा होता, आत माया होतीच. पुरुषाच्या अंगी दोन स्वभाव असतात आणि बाईने खालचा ओळखायचा असतो, ही कसरत वाचकांना स्वतःच्या मनात करावी लागत होती. रूप पालटणाऱ्या नायकाने तीच कसरत कथानकात आणून ठेवली, कारण त्याचे दोन स्वभाव नुसते मानायचे नव्हते, तर एकाला चार पाय आणि शेपूट होती. शिवाय माणूस खोटे बोलला तरी आतला लांडगा खोटे बोलू शकत नाही, ही सोय निराळीच.

1993 साली हार्लेक्विनच्या मालकीच्या सिल्हूट या छापाने 'सिल्हूट शॅडोज' नावाची गूढ प्रेमकथांची मालिका सुरू केली, जी काही वर्षांतच बंद पडली, आणि त्याच वर्षी लॉरेल हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक ही रक्तपिपासूंची शिकारीण अवतरली, जिच्या पुढच्या भागांत शाळेत विज्ञान शिकवणारा आणि आपल्यातल्या लांडग्याचा मनापासून तिटकारा करणारा रिचर्ड हा प्रियकर येतो. 1994 मध्ये सुझन क्रिनार्ड यांची 'प्रिन्स ऑफ वुल्व्हज' आली. तिच्या नायकाचे आडनाव जेव्होदाँ आहे, आणि फ्रान्सच्या ज्या जेव्होदाँ प्रांतात 1764 ते 1767 या काळात एका हिंस्र जनावराने अनेक बळी घेतले, त्याची आठवण त्या नावात मुद्दाम ठेवलेली दिसते. ज्या नावाने खेडी थरथरत होती तेच नाव आता मुखपृष्ठामागच्या नायकाला शोभू लागले. 1999 च्या 'डार्क प्रिन्स'पासून सुरू झालेल्या क्रिस्टीन फीहान यांच्या मालिकेतले कार्पेथियन पुरुष कोणत्याही प्राण्याचे रूप घेऊ शकतात, पण काही शतके एकटे राहिल्यावर त्यांच्या भावना मरतात आणि त्यांना रंग दिसेनासे होतात. नियत जोडीदारीण भेटली की करड्या जगात एकाएकी रंग परततात. रोमान्सचा सगळा धंदा ज्या एका क्षणावर चालतो, तो इतक्या सोप्या आणि डोळ्यांना दिसेल अशा रीतीने क्वचितच कोणी सांगितला असेल.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे कोणीही कात जाळत नाही. नायिकेच्या प्रेमाने लांडगा नाहीसा होत नाही, उलट तिला तो मान्य झाला म्हणजे प्रेम सिद्ध होते, आणि पुष्कळदा तीही लांडगी होते. केली आर्मस्ट्राँग यांच्या 'बिटन' (2001) मध्ये तर ती आधीपासूनच आहे आणि तिचे भांडण स्वतःच्या अंगातल्या जनावराशी आहे. यामागे केवळ स्त्रियांची बदललेली दृष्टी पाहणे अपुरे ठरेल, कारण यात हिशेबही आहे. मालिकेत दर भागाला नवे जोडपे लागते, जोडप्यांना एकत्र बांधणारा कळप लागतो, आणि पहिल्या भागाच्या शेवटी नायक साधा माणूस झाला तर दुसरा भाग कशाच्या जोरावर विकायचा?

कळपाची ही कल्पना या लेखिकांनी प्राणिशास्त्राकडून उसनी घेतली, आणि त्या उसनवारीची कथा उद्बोधक आहे. कळपाचा प्रमुख तो 'अल्फा' हा शब्द शिफ्टर कादंबरीत इतका रुळला आहे की पुस्तकांच्या नावांतही तो सर्रास आढळतो. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांच्या अभ्यासात आहे. एकमेकांना परके असलेले लांडगे एका लहानशा आवारात कोंडले होते, त्यामुळे त्यांच्यात वर्चस्वासाठी झुंजी होत. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ही उपपत्ती सामान्य वाचकांत पसरवली; पण कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळे लांडगे पाहिल्यावर त्याच मेक यांनी 1999 मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे सहसा आई, बाप आणि त्यांची पोरे असतात, तिथे झुंजून गादी मिळवणारा कोणी नसतो; आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. शास्त्राने शब्द मागे घेतला त्याच सुमारास कादंबरीने तो उचलला. दुसरा शब्द 'इंप्रिंटिंग', म्हणजे अंड्यातून बाहेर पडताच जो दिसेल त्याला पिल्लाने कायमचे आपले मानणे, हा कोन्राड लोरेंझ यांनी हाताने वाढवलेल्या हंसांवरच्या निरीक्षणांतून प्रसिद्ध झाला, आणि स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेत तो लांडगा होणाऱ्या तरुणांच्या प्रेमात पडण्याला लावला गेला. म्हणजे जंगली, अनावर, माणसाळता न येणारे प्रेम सांगण्यासाठी या कादंबऱ्यांनी जे दोन शब्द निवडले, ते दोन्ही माणसाच्या ताब्यातल्या जनावरांवरून आलेले आहेत. 'अल्फा'च्या नावाखाली नायकाची अरेरावी, पाळत आणि मत्सर निसर्गदत्त म्हणून खपवला जातो, ही टीका रास्त आहे, आणि ती आधी कोणी केली असेल तर याच कादंबऱ्यांच्या चोखंदळ वाचकांनी.

या साच्याला सर्वांत कल्पक उत्तर फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या नलिनी सिंग यांनी दिले. 'स्लेव्ह टू सेन्सेशन' (2006) पासूनच्या त्यांच्या मालिकेत 2079 सालचे जग आहे, जिथे मनाच्या अलौकिक शक्ती असलेल्या 'साय' जमातीने शंभर वर्षांपूर्वी, 1979 मध्ये, आपल्या मुलांना भावनाशून्य बनवण्याचा निर्णय घेतला आहे, आणि त्यांच्यासमोर 'चेंजलिंग' म्हणजे बिबटे आणि लांडगे होणाऱ्यांचे कळप आहेत. या कळपांत स्पर्श ही गरज मानलेली आहे. दुखावलेल्या सोबत्याच्या अंगाला अंग लावून बसणे, लहानग्याच्या केसांतून हात फिरवणे ही तिथली रोजची रीत आहे, पण परक्याला तो हक्क आपोआप मिळत नाही, तो द्यावा लागतो, आणि या हक्काला तिथे नाव आहे, 'स्किन प्रिव्हिलेजेस'. भीतीचा भाव ज्या कातड्याला शतकानुशतके चिकटला होता, ते इथे जवळिकीचे आणि परवानगीचे मोजमाप झाले. अल्फा इथेही आहे, पण त्याचे मोठेपण कळपातल्या सर्वांत दुबळ्याची रात्र कशी जाते यावरून ठरते, आणि मेक यांनी एल्समिअरवर जे पाहिले त्याच्या ही कल्पना पुष्कळ जवळ जाते.

'ट्वायलाइट'च्या बाबतीत उसनवारीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्यातले लांडगे होणारे तरुण ज्या क्विल्यूट जमातीचे दाखवले आहेत ती वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुश येथे आजही राहते, आणि आपले पूर्वज लांडग्यांपासून घडवले गेले ही तिची स्वतःची उत्पत्तिकथा आहे. प्रेमात पडण्याचे नियम आणि बाकीचा मालमसाला कादंबरीचा. लाखोंच्या खपातून या छोट्या जमातीच्या हाती फारसे काही लागले नाही, पण 2010 मध्ये सिअॅटल कला संग्रहालयात क्विल्यूट लांडग्यांची खरी परंपरा दाखवणारे प्रदर्शन भरले, आणि कादंबरीच्या नादाने आलेल्या प्रेक्षकांना तिथे जमातीच्या हातचे जुने मुखवटे आणि कोरीवकाम पाहायला मिळाले.

वाचनाची रीत बदलली ती मात्र कागदाबाहेर. 2000 साली सुरू झालेल्या, ओहायोतल्या एलोराज केव्ह या ई-पुस्तक प्रकाशनाने मोठ्या प्रकाशकांना धीट वाटणाऱ्या शृंगारकथा विकून दाखवल्या. 2007 मध्ये किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र आले आणि उघड्या छातीचा नायक व त्यामागे लांडग्याचे डोके असे मुखपृष्ठ शेजारच्या प्रवाशाच्या नजरेआड झाले. 2015 पासून अॅमेझॉनच्या वर्गणी योजनेत लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागल्यावर स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखिकांनी लांब मालिकांचा सपाटा लावला, आणि लांडगे पुरेनात म्हणून अस्वले, सिंह, ड्रॅगन आले. अस्वलाला विशेष पसंती मिळाली, कारण ते अवाढव्य, भुकेले आणि घरकोंबडे असते, निदान कादंबरीतले तरी.

भारतात मिल्स अँड बून इंग्रजी वाचनालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आणि 2008 मध्ये त्या संस्थेने इथे कचेरीही उघडली; पण रूप पालटणाऱ्या जोडीदाराची इथली ओढ पुस्तकांपेक्षा पडद्यावर आणि रंगमंचावर अधिक दिसली. 1976 चा 'नागिन' आणि 1986 चा 'नगीना' यांतली इच्छाधारी नागीण बहुधा सूडासाठी किंवा नवऱ्याच्या रक्षणासाठी उभी राहते. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांच्या 'नागमंडल' (1988) या कन्नड नाटकात नाग नवऱ्याचेच रूप घेऊन राणीकडे येतो, आणि नाटककाराने दिलेल्या शेवटांपैकी एकात तो मरत नाही, तिच्या केसांत राहतो. अमेरिकी मालिकांमधली सोय याहून घरगुती आहे. फीहान यांच्या मालिकेचे 30 हून अधिक भाग झाले, आणि अशा लांबलेल्या मालिकांत पहिल्या भागातला दरारा वाटायला लावणारा नायक आठव्या-नवव्या भागात पाहुणा म्हणून येतो, तेव्हा तो स्वयंपाकघरात कोणासाठी तरी अंडी तळत असतो, आणि त्याच्या पायाशी कुठल्या तरी जोडप्याचे पिल्लू, अजून पुरते माणूस न झालेले, टेबलाचा पाय कुरतडत बसलेले असते.